कोंबडीचं टाइमटेबल

जानेवारीतली दुपार होती. कणी संपली म्हणून मी खाडीपलीकडे बोरिवलीत गेलो होतो. साडेबाराच्या सुमारास सुनेचा फोन आला. "बाबा, काळी गेली हो."

काळी म्हणजे आमची सगळ्यांत जुनी गावठी कोंबडी. गेली म्हणजे कशी, असं विचारलं तर म्हणाली, अंगणात आडवी पडलीय, एक पाय मागे ताणलाय, पंख विस्कटून पसरलाय, मान वाकडी, डोळा अर्धा मिटलेला. मी कणीची पिशवी दुकानातच ठेवली, रिक्षानं जेटी गाठली, बोटीत बसलो, गोराईला उतरून परत रिक्षा. पाऊण तासानं घामाघूम होऊन फाटकातून आत शिरतो, तर काळी चिकूखाली उभी राहून अंग झाडत होती. अंगातून धुळीचा ढग उडाला. कुंपणापलीकडच्या मावशींना हसू आवरेना. "अरे, ऊन खात होती ती. सुनेला कोणी सांगितलं नाय?"

नव्हतं सांगितलं. पोरगी चारकोपला तिसऱ्या मजल्यावर वाढलेली, तिला काय माहीत? माझंही पहिलं वर्ष असंच गेलं. आता गावातली आणि बोरिवलीची हौशी पोरं मला विचारतात. काका, दुपारभर नुसत्या बसून असतात, आजारी आहेत का? काका, आठला अंडं देणारी आज अकरा वाजले तरी बसलेलीच आहे. काका, चार वाजताच खुराड्यात गेल्या. बहुतेक वेळा माझं उत्तर एकच असतं: काही झालेलं नाही, तिची ती वेळच आहे. पण कधीकधी झालेलं असतं. हे दोन कसे ओळखायचे, ते लिहितोय.

मी बेस्टमध्ये नोकरी केली, शेवटची बारा वर्षं स्टार्टर म्हणून. स्टार्टर म्हणजे चौकीत बसून कुठली गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, ते कागदावर उतरवणारा माणूस. निवृत्त झालो, गोराईच्या जुन्या घरी राहायला आलो. आता सहा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. काळी, तांबडी, पांढरी, उघड्या मानेची मुंडी, गिरिराज जातीच्या दोन जुळ्या, आणि हवालदार. गाड्या सुटल्या, वेळ लिहायची सवय काही सुटली नाही.

आधी आठवडाभर नुसतं लिहा

कोंबड्या आणल्यावर औषधाची बाटली घ्यायच्या आधी एक शंभर पानी वही घ्या. खुराड्याच्या खिळ्याला सुतळीनं पेन्सिल बांधा. आठवडाभर एवढंच टिपायचं: दांडीवरून पहिली कोण उतरली आणि किती वाजता, अंडं कोणाचं आणि कधी, दुपारी कुठे बसल्या आणि किती वेळ, संध्याकाळी वर चढताना पहिली कोण, शेवटची कोण. शेजारी हवा लिहा: ऊन, ढग, पाऊस. महिन्याभरानं ढगांची ती एक नोंद तुमचा अर्धा गोंधळ मिटवेल.

लिहिताना लांब बसा. मी ओटीवर चहा घेऊन बसतो. हातात वाटी दिसली की कोंबड्या सगळं सोडून तुमच्या पायात येतात आणि मग तुम्ही त्यांचा दिनक्रम लिहीत नाही, तुमचा लिहिता.

हेही ध्यानात ठेवा की त्यांचं घड्याळ उजेडावर चालतं. मुंबईत जानेवारीच्या मध्यावर सूर्य सव्वासातला उगवतो आणि सहा-वीसच्या आसपास मावळतो. जूनअखेर सहालाच उजाडतं आणि सूर्य मावळायला सव्वासात होऊन जातात. म्हणजे "सहा वाजता दांडीवर" ही नोंद जानेवारीत चोख आहे आणि जूनमध्ये काळजीची. म्हणून मी घड्याळाची वेळ लिहितो आणि कंसात सूर्यास्ताच्या किती मिनिटं आधी तेही.

तांबडं फुटायच्या आधी

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. खरी गंमत अशी, की कोंबडं झाकलं तरी त्याचं आरवणंही राहत नाही. जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी कोंबडे सतत मंद उजेडात ठेवून पाहिले. उजाडतंय की मावळतंय हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. तरी ते चोवीस तासांहून किंचित कमी अशा फेऱ्यानं आरवत राहिले. हे २०१३ साली प्रसिद्ध झालं. उजाडायच्या जवळजवळ दोन तास आधीच त्यांचं सुरू होतं. पुढे २०१५ मध्ये त्यांनीच दाखवलं की अनेक कोंबडे एकत्र असले तर पहिली बांग त्यांच्यातल्या दादाची, बाकीचे पायरीप्रमाणे मागून.

हे सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. खुराड्यावर गोधडी टाकली की कोंबडा सातपर्यंत गप्प बसेल अशी आशा ठेवू नका. शेजारी भिंतीला भिंत असेल तर कोंबडा पाळूच नका. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. फलित अंडी आणि पिल्लं हवी असतील तरच लागतो. आमच्याकडे गावठाण आहे, आजूबाजूला आणखी चार कोंबडे आहेत, म्हणून हवालदार खपून गेलाय.

कोंबड्या मात्र बांग ऐकून लगेच उठत नाहीत. नीट उजाडेपर्यंत दांडीवरच बसतात, मान लांब करतात, एक पंख आणि त्याच बाजूचा पाय ताणतात, शेपटीच्या मुळाशी असलेल्या गाठीतलं तेल चोचीनं घेऊन पिसांना लावतात. मग एक उतरते आणि तिच्यामागे धबाधब सगळ्या.

दार उघडलं की पहिलं एक मिनिट तिथेच उभे राहा. दिवसातलं सगळ्यांत उपयोगाचं मिनिट हेच. धडधाकट कोंबड्या दारात कोंडी करतात, बोरिवलीच्या सकाळच्या लोकलसारखी. जी मागे रेंगाळली, जिला गर्दीची घाईच नाही, तिला तेव्हाच उचलून पाहा. गळ्याखाली छातीच्या उजव्या अंगाला अन्नाची पिशवी असते. रात्री भरलेली ती पिशवी सकाळी रिकामी, सपाट लागायला हवी. सकाळीही कणकेच्या गोळ्यासारखी फुगलेली असेल तर तुंबलंय. मग गवताचे लांब दोरे, प्लॅस्टिकचे तुकडे गिळलेत का, याचा शोध घ्या.

त्यानंतरचे दोन तास खाण्याचे. उकर, दोन पावलं मागे, पाहा, टिप. अंगावर मांस असलेली अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. आमच्या गावठी त्याहून कमी, कारण अर्धं पोट त्या चिकूखालीच भरतात. समोर भांडं भरलेलं असलं तरी त्या उकरणारच. त्याला उपाशीपणा समजून खाद्य वाढवू नका. उकरणं हे त्यांचं काम आहे.

अंड्याची गाडी रोज लेट का

सगळ्यांत जास्त फोन याच गोष्टीसाठी येतात, म्हणून वहीतलं एक पानच उतरवतो. तांबडीचं. सोमवार ७:२०. मंगळवार ८:३५. बुधवार १०:१०. गुरुवार १२:०५. शुक्रवार काही नाही. शनिवार ७:०५.

शुक्रवारी तांबडी आजारी नव्हती. कोंबडीच्या पोटात एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात. त्यातले वीसेक तास एकट्या कवचाला जातात. अंडं बाहेर पडलं की साधारण अर्ध्या तासात पुढचा बलक सुटतो आणि पुन्हा तेवढाच वेळ. दिवस चोवीस तासांचा आणि फेरी पंचवीस-सव्वीसची, म्हणजे गाडी रोज तास-दोन तास मागे पडणारच. सरकत सरकत अंडं दुपारी गेलं की पुढचा बलक लगेच सुटत नाही, कारण तो सुटण्याची वेळ रात्रीच्या अंधाराशी बांधलेली असते. मग एक दिवसाचा खाडा, आणि पुन्हा सकाळपासून नवी मालिका. चांगल्या अंड्याच्या जातीत ही मालिका लांब चालते, गावठीत दोन-चार दिवसांतच तुटते.

अंडं द्यायच्या आधीची तिची चलबिचल ओळखायला शिका. चरताना मध्येच थांबते, कुरकुरत फिरते, खोक्यात डोकावते, बाहेर येते, पुन्हा आत. आत गेली की वीस मिनिटं ते तासभर बसते. या वेळी तिला उठवू नका. आमच्याकडे तीन खोकी आहेत आणि सहाही जणींना कोपऱ्यातलं तेच एक अंधारं खोकं हवं असतं. एकदा दोघी एकमेकींच्या अंगावर बसून होत्या आणि तिसरी समोर उभी राहून तक्रार करत होती. अंडं झालं की मग तो गावभर ऐकू जाणारा कॉक्‌-कॉक्‌-कॉक्‌-काँ. त्यानंतर पाणी पिते आणि खाण्यावर तुटून पडते. पाणी खोक्यापासून लांब ठेवू नका.

डिसेंबरात अंडी कमी होतात तीही याच हिशेबात बसतात. मुंबईचा सगळ्यांत छोटा दिवस अकरा तासांचा, मोठा सव्वातेराचा; भरपूर अंडी देणाऱ्या जातींना चौदा-सोळा तास उजेड लागतो. शिवाय याच सुमाराला त्या पिसं टाकतात, अंगभर नवे कोंब फुटतात, हात लावला तर दुखतं, आणि सगळं प्रथिन पिसांकडे जातं. काहीजण खुराड्यात बल्ब लावतात. मी लावत नाही. सहा कोंबड्यांच्या अंड्यांवर माझं घर चालत नाही, दोन महिने घेऊ दे विश्रांती. लावायचाच असेल तर पहाटे लावा, संध्याकाळी नको. संध्याकाळी बल्ब फटकन बंद झाला की ज्या खाली राहिल्या त्या खालीच राहतात. अंधारात त्यांना जवळजवळ काही दिसत नाही.

दुपार म्हणजे आळस नव्हे

सकाळच्या चराईनंतर, आमच्याकडे साधारण अकरापासून, वेग मंदावतो. बारा ते साडेतीन म्हणजे दुपारची डुलकी, अंघोळ आणि पिसांची निगा. एकदम झोपत नाहीत. दोघी बसतात, एक उभ्या उभ्या डोळे मिटते, पापणी खालून वर येते, दोन मिनिटांत उघडते, दुसरी पिसं विंचरते. हवालदार जरा उंच जागा धरून उभा असतो. गोराईवर घारी दिवसभर फिरतात. वरून घार आली तर तो एक लांब, बारीक किंकाळी काढतो आणि सगळ्या झुडपाखाली गोठतात. मुंगूस किंवा मांजर जमिनीवरून आलं तर आवाज वेगळा, तुटक तुटक, आणि सगळ्या मान वर करून ओरडायला लागतात. हे दोन आवाज ओळखू यायला लागले की तुम्ही ओटीवर बसूनही वर बघायचं की खाली, ते ठरवू शकता.

धुळीतली अंघोळ दुपारीच, साधारण एक दिवसाआड, वीस-तीस मिनिटं. आधी चोचीनं माती ओढते, बसते, पायांनी धूळ पंखात फेकते, कुशीवर लोळते, डोकं मातीत घासते, मग काही वेळ मेल्यासारखी पडून राहते. शेवटी उठून झाडते. जुनं तेल आणि उवा निघून जातात. ऊन खाणं याच्याशी मिळतंजुळतं: एक पंख उघडा, पाय ताणलेला, काळीसारखं. खात्री करायची असेल तर जवळ जाऊन टाळी वाजवा. ऊन खाणारी कोंबडी वैतागून उठते. खरी आजारी कोंबडी उठायला वेळ लावते, किंवा उठून दोन पावलांवर पुन्हा बसते.

पावसाळ्यात इथे चार महिने कोरडी धूळच नसते. मी जुना टब पत्र्याच्या शेडखाली ठेवतो, त्यात कोरडी माती, रेती आणि चाळलेली लाकडाची राख. किनाऱ्याची वाळू खारट, ती धुतल्या-वाळवल्याशिवाय घालू नका. खुराड्यात भाताचा तूस टाकतो आणि ओला झाला की त्याच दिवशी काढतो. ओल्या तुसात पिल्लांना रक्ती हगवण लागते, हे मी एकदा सात पिल्लं गमावून शिकलो.

उन्हाळ्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण मुंबईत कोंबडी थंडीनं नाही, उकाड्यानं मरते. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१-४२ अंश. घामाच्या ग्रंथी नाहीत. चोच उघडून धापा टाकायच्या आणि पंख अंगापासून लांब धरायचे, हेच दोन मुख्य उपाय तिच्याकडे. धापांनी ओल उडाली तर अंग थंड होतं, पण आपल्या दमट हवेत ती नीट उडत नाही. म्हणून पुण्याच्या ३६ पेक्षा मुंबईचे ३३ तिला जड जाऊ शकतात. मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारी धापा टाकत सावलीत बसणं हा तिच्या दिनक्रमाचाच भाग समजा. त्या वेळात तिला दाणे घालू नका. पचनानंही अंग तापतं. खाद्य सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर. मातीच्या परळात पाणी, सावलीत, बाराला बदललेलं. मुंडीला उघड्या मानेमुळे बराच फायदा होतो. बाकीच्या धापा टाकत असताना ती आरामात उकरत असते.

चिंता कधी? ऊन उतरून तास झाला तरी धापा थांबल्या नाहीत, पंख जमिनीला टेकले, चालताना झोकांड्या गेल्या, तुरा जांभळा पडला, तर लगेच सावलीत नेऊन पाय साध्या पाण्यात बुडवा, पंखा लावा. बर्फाचं पाणी नको.

गच्चीवर पाळणाऱ्यांना एवढंच सांगतो: सोसायटीची परवानगी तुमची तुम्ही बघा, पण दुपारी स्लॅबवर अनवाणी पाच मिनिटं उभं राहून पाहा. तुम्हाला जमलं नाही तर त्यांनाही जमणार नाही.

सांज

चारनंतर दुसरी पाळी. पुन्हा जोरात चराई, कारण रात्रीसाठी गळ्याखालची पिशवी भरून घ्यायची असते. झोपेत तीच थोडं थोडं पोटात सोडत राहते. कवच रात्री चढतं, म्हणून संध्याकाळी त्यांना चुन्याची ओढ असते. मी किनाऱ्यावरचे शिंपले धुऊन, वाळवून, तव्यावर भाजून खलबत्त्यात जाडसर कुटतो आणि चार वाजता वेगळ्या वाटीत ठेवतो. खाद्यात मिसळत नाही; जिला हवं ती घेते, हवालदार तोंड लावत नाही. त्याचे प्रेमाचे प्रयत्नही याच वेळात. दाणा उचलायचा, टाकायचा, टुक्‌-टुक्‌ करून बायकांना बोलवायचं. पांढरी येते, दाणा खाते आणि निघून जाते.

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून त्या आपोआप खुराड्याकडे वळतात. हाकावं लागत नाही. नव्या कोंबड्या आणल्या तर पहिले चार-पाच दिवस खुराड्यातच ठेवा, म्हणजे रात्रीचं घर कुठलं ते डोक्यात बसतं. हे न केल्यामुळे जुळ्या पहिल्या आठवड्यात चिकूवर चढून बसल्या होत्या आणि मी रात्री आठला शिडी लावून त्यांना उतरवत होतो.

वर चढल्यावर दहा-पंधरा मिनिटं भांडण चालतं. कोण कुठे बसायचं याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेच्या थोर्लेफ शेल्डरुप-एबे यानं लहानपणापासून कोंबड्यांच्या नोंदी ठेवल्या आणि १९२१च्या आपल्या प्रबंधात चोच मारण्याचा हा क्रम पहिल्यांदा नीट मांडला. नोंदी ठेवणारा म्हणून मला हा माणूस आवडतो. आमच्याकडे काळी मध्ये, हवालदाराला लागून, जुळ्या कडेला. या चोचाचोचीत मध्ये पडू नका. रक्त दिसलं तरच.

दांडी दोन इंच रुंद, कडा घासून गोल केलेली, प्रत्येकीला आठ-दहा इंच जागा. आणि दांडी अंड्याच्या खोक्यांपेक्षा उंच हवी. कोंबडी नेहमी सगळ्यांत उंच जागी झोपते. खोकी उंच असली की ती खोक्यात झोपेल, तिथेच शिटेल, आणि सकाळी अंडी घाण मिळतील. पुष्कळ जण हे उलटं बांधतात आणि दोष कोंबडीला देतात.

सगळ्या चढल्या की मोजा, मग कडी लावा. सात म्हणजे सात. "असेल कुठेतरी" असं म्हणून सोडलेली सातवी रात्री घुशीला किंवा मांजराला सापडते.

आभाळ भरून आलं तर सगळं लवकर होतं. गेल्या जुलैत एकदा साडेचारला काळोख झाला, सगळ्या चढल्या, हवालदारही. पाचला उघडलं तशा परत खाली, थोड्या ओशाळल्यासारख्या. वहीत "ढग" लिहिलेलं होतं, म्हणून काळजी नाही.

रात्रीची झोप

रात्री कोंबडी दगडासारखी झोपलेली वाटते, पण तशी नसते. डोकं पिसांत खुपसलेलं किंवा खांद्यात ओढलेलं, आणि कधीकधी एक डोळा मिटलेला, एक उघडा. पक्ष्यांना अर्धा मेंदू झोपवून अर्धा जागा ठेवता येतो. गाढ, स्वप्नांची म्हणतात ती झोप काही सेकंदांच्या तुकड्यांनी येते. तेव्हा मान हळूच खाली घसरते आणि पुन्हा सावरते. हे पाहून मान टाकली म्हणू नका.

झोपेला खरा अंधार लागतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत पांढरा झगझगीत दिवा लागला. उजेड सरळ खुराड्यात. पहिल्या आठवड्यातली नोंद अशी: १०:१५ जुळ्या खाली, टिपताहेत, १:०० हवालदार, १:४० हवालदार, २:२५ हवालदार. दिवसा सगळ्या पेंगुळलेल्या, एकमेकींची पिसं उपटायला लागल्या. मी त्या बाजूला दुहेरी गोणपाट लावलं, दुसऱ्या बाजूची जाळी वाऱ्यासाठी मोकळी ठेवली. चार रात्रींत वही पुन्हा जागेवर.

अंधाराचा एक फायदा करून घ्या. एरवी हातात न येणारी कोंबडी रात्री शांतपणे उचलता येते. उवा-गोचीड, तळपाय, छातीचं हाड बघायची हीच वेळ. नवी कोंबडी कळपात घालायची तरी रात्री दांडीवर बसवा. सकाळी भांडण होईलच, पण जरा कमी.

ज्या नियमात बसत नाहीत

खुडूक कोंबडीला हे टाइमटेबल लागू नाही. ती २१ दिवस अंड्यांवर बसते, पिसं फुलवते, जवळ गेलात तर फुत्कारते आणि दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटं उठते. मुंडी गेल्या वर्षी बसली तेव्हा चारच्या ठोक्याला उठायची. घाईनं खायची, पाणी, एक भली मोठी घाण वासाची शीट, थोडी धूळ, आणि परत. ती शीट पाहून औषध देऊ नका. पिल्लं तर दिवसभर झोप-जाग-झोप अशीच असतात. आईच्या पंखाखाली सगळी एकदम झोपतात, एकदम उठतात.

चांदणी

ही नोंद लिहायला मला आवडत नाही, पण लिहायला हवी. दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात आमच्याकडे चांदणी होती, करड्या ठिपक्यांची. वहीत तिच्या नावापुढे वर चढायच्या वेळा आहेत: ५:२०, मग ५:०५, मग ४:४०. बाकीच्या सगळ्या सहाला. खाली शेपटी उतरलेली. सकाळी दार उघडल्यावर शेवटची. मी सगळं नीट लिहिलं होतं आणि एक अक्षर वाचलं नव्हतं. हात लिहीत होता, डोकं पेपरात. चौथ्या दिवशी ती उतरलीच नाही. डॉक्टरांनी पोट चाचपून सांगितलं, अंडं आत फुटलंय, पोटात पू झालाय. दोन दिवस आधी आणली असती तर, एवढं म्हणून थांबले.

तेव्हापासून वेळ चुकली की मी कारण शोधतो: ढग, उकाडा, पिसं, खुडूक, अंड्याचा खाडा, नवा दिवा, फटाके. यातलं काहीच नसेल आणि एकटीच चुकत असेल, तर तिला त्याच दिवशी वेगळ्या जाळीच्या पेटीत ठेवतो, बाकीच्यांना दिसेल अशी. पाणी, ऊब, शांतता. गळ्याची पिशवी, पोट, गुदद्वार, तळपाय, शीट तपासतो. आठ-दहा शिटांत एखादी तपकिरी, चिकट, घाणेरड्या वासाची असते, ती ठीक. हिरवी पातळ शीट, वळलेली मान, घरघर हे मानमोडीचं, म्हणजे राणीखेत रोगाचं लक्षण. त्यावर नंतर औषध नाही, पिल्लूपणीच लासोटाची लस द्यायची असते. आणि दोन-तीन एकदम मेल्या तर उघडून बघू नका, विकू नका, वाटू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा. २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला निघाला होता.

आज डिसेंबरातली संध्याकाळ आहे. सूर्यास्त सहाला. काल बाकीच्या पावणेसहाला चढल्या आणि काळी ५:१०ला. आभाळ स्वच्छ होतं. पिसं तिनं नोव्हेंबरातच टाकून घेतलीत. आज मी चारपासूनच चिकूखाली खुर्ची टाकून बसणार आहे.